सरळ हात

३ ऑक्टोबर १९६९, शुक्रवार

ही वही ह्यांची. खताच्या कंपनीने दिलेली, मागच्या सालाची. पहिल्या अकरा पानांवर केळीला पाणी कधी दिलं ते ह्यांच्या अक्षरात आहे. मग चैत्रात बांधावर टेकले ते उठलेच नाहीत, आणि पुढची पानं कोरी राहिली. छापील तारीख खोडून मी आजची घालते आहे.

मला शाळा नाही. अक्षरं खताच्या गोण्यांवरून आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून लागली, आणि ह्यांनी चुका काढून ती पक्की केली. लिहायला बसलं की छापल्यासारखं लिहावंसं वाटतं. माझं आणि ह्यांचं बोलणंही तसंच उतरतं, बाकीच्यांचं मात्र घरच्या अहिराणीतच.

लिहिण्याचं कारण असं की सोमवारी शहाद्याच्या ठाण्यातून ह्यांचं पिस्तूल मिळालं. ह्यांच्या मागे ते दीड वर्ष सरकारजमा होतं. मी अर्ज केला की परवाना माझ्या नावे करा. दोन महिन्यांचा हंगामी कागद मिळाला, आणि ६ नोव्हेंबरला नंदुरबारला प्रांतसाहेबांपुढे हत्यार घेऊन हजर व्हायचं आहे. हत्यार नीट ठेवता येतं की नाही ते साहेब बघणार. काडतुसं ठाण्यातच आहेत, ते बरंच झालं.

मी एकटी मळ्यातल्या घरात राहते. माझे धाकटे दीर लोटनभाऊ गावातल्या घरात. भाऊंना हे पसंत नाही. परवा मारुतीच्या पारावर चार माणसांदेखत म्हणाले, "परवाना वहिनीना नावे उना ते तिनं खुशाल मयामा ऱ्हावं. नई उना ते दिवाई गावमा, आन मंग कायमनं गावमा."

मी पदर सावरून म्हटलं, "बरं."

म्हणजे परवाना आला तर मळा, नाही तर दिवाळीपासून कायमचं गाव. आता बरं म्हटलं खरं. गावातल्या घरात मला वाईट वागवतील असं नाही. पण तिथे मी ओसरीतली एक म्हातारी होईन. इथे केळी माझी आहे, विहीर माझी आहे, कंदिलाशेजारी ह्यांची वर्तमानपत्रं आहेत. चाळीसाव्या वर्षी मला ओसरीत बसायचं नाही.

पारावर गुरुजी पण होते. ते हसून म्हणाले, "गांधीजींची शताब्दी चालू आहे आणि अनुसयाबाई पिस्तूल मागतात!" मी म्हटलं, "गुरुजी, रानडुकरांना शताब्दीचं पत्रक अजून पोचलं नाही." लोक हसले. भाऊ हसले नाहीत.

९ ऑक्टोबर

पिस्तूल फडक्यातून काढून बघितलं. ह्यांनी ते सुरतेच्या बंदुकीच्या दुकानातून घेतलं होतं. आफ्रिकेतून परतलेल्या कुणा माणसाचं, अमेरिकन बनावटीचं. सगळं स्टेनलेस स्टीलचं. तेव्हा गावात स्टीलचे पेले चार घरांतसुद्धा नव्हते. लोक ह्यांना विचारायचे, "चुडामण, यामा चहा पेवास का?"

उजव्या बाजूला, नळीखाली, एक लांब रेघ आहे. ह्यांच्या हातची. कशी पडली ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "पडली." दीड वर्षाने आज त्या रेघेवरून अंगठा फिरवला. सरकारजमा होण्याआधीही मी तेच करायची.

लोटनभाऊ चारा न्यायला आले होते. मी रेघ दाखवली, म्हटलं, "भाऊ, ही रेघ तरी तशीच आहे." भाऊंनी बघितलं न बघितलं आणि पेंढी उचलून चालू लागले. त्यांना हे हत्यार डोळ्यांपुढे नको. त्यांना कदाचित मीही मळ्यात नको.

१८ ऑक्टोबर, शनिवार

उद्या खंडेनवमी. विळे, कोयते, कुदळ, नांगराचा फाळ, ह्यांचा वस्तरा, सगळं घासून पाटावर मांडलं. दोन वर्षांनी पिस्तूलही पूजेत बसणार. विधवेने शस्त्राला कुंकू लावायचं नाही, ते लोटनभाऊ लावतील. पण घासायला कुणाची ना नाही.

आधी उघडून काडतुसांची पाचही घरं बघितली. रिकामी. ह्यांनी शिकवलं होतं की आत्ताच आपल्या हाताने बघितलं असलं तरी परत बघायचं. मग गोवरीची राख, चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी. स्टीलच ना ते, माझ्या जावेचं, मीनाबाईचं स्टीलचं ताट पण राखेनेच घासतात. दोन्ही अंगांनी मन लावून घासलं, पाण्याने धुतलं. असं चकाकलं! ह्यांच्या वेळेलाही एवढं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, खंडेनवमी

चकाकलं ते ओलं होतं म्हणून.

सकाळी फडकं काढलं तर पिस्तुलावर धुरकट साय आल्यासारखी. उन्हात धरलं तर सगळीकडे बारीक गोल गोल ओरखडे, एकात एक. केसासारखे, पण शेकड्याने. मी पुसून बघितलं, तेल लावून बघितलं. तेल सुकलं की परत तसंच.

लोटनभाऊ कुंकवाची वाटी घेऊन आले, बरोबर मीनाबाई. भाऊंनी पिस्तूल बघितलं आणि वाटी पाटावर ठेवली.

"वहिनी, हाई काय कयं तुम्ही?"

"घासलं."

"काय घिसन? राख?"

मी पदराने पिस्तूल परत पुसलं.

"हाई काय तवा शे का? साहेब काय म्हनी? बाईना हातमा हत्यार दिधं ते तिनी भांडासंगे घसी टाकं!"

मीनाबाई मध्येच म्हणाली, "आते बठा. पूजा करा ना पह्यले. ओरडाले दिवसभर शे."

भाऊंनी कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. नमस्कार करताना डोकं पाटावर जरा जास्तच वेळ ठेवलं. जाताना म्हणाले, "दिवाईनी तयारी गावमाच करस मी." त्यांचं म्हणणं चूक नाही. हत्यार ठेवायची परीक्षा आहे आणि हत्यार मीच खराब केलं.

२० ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं घेऊन बरेच जण आले. मी पिस्तूल पेटीत टाकून कुलूप लावलं होतं. जेवले नाही.

२२ ऑक्टोबर

शहाद्याला जाऊन आले. हत्यार दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही, कागदावर तसं स्पष्ट लिहिलं आहे. मग दाखवणार काय? सकाळी भाकरी खाताना ताटाकडे लक्ष गेलं. माझ्या लेकीने, प्रमिलाने, तळोद्याहून दिलेलं माझं एकुलतं एक स्टीलचं ताट. त्याच्यावरही तीच साय, तेच गोल ओरखडे. ताट पिशवीत घातलं आणि रेवजीला, आमच्या सालदाराला, गाडी जुंपायला सांगितली.

हसनचाचा शिकलगार बाजारात खाली बसून विळ्यांना धार लावतात. त्यांच्या बापजाद्यांनी तलवारी उजळल्या. आता म्हणे नंदुरबारच्या भांडीवाल्यांची स्टीलची भांडी पण उजळून देतात. मी सगळी हकिगत सांगितली आणि ताट पुढे केलं.

चाचांनी ताट उन्हाकडे तिरकं धरलं. "पिस्तूल आनं नई ते बेस कयं, बेटी. आनं असतं ते मी हात लावता नई. पन तुन्हा ताटनी समदं सांगी दिधं."

"काय सांगितलं?"

"तुन्हा हात गोल फिरस." त्यांनी बोटाने हवेत चक्र काढलं. "बाईना हात. राखमा बारीक खडा ऱ्हातस, त्या गोल गोल फिरनात. स्टीलले गोल हात चालत नई. स्टीलले सीधा हात लागस. ज्या दिशामा कंपनीनी उजयेल शे, त्याच दिशामा, येक बाजूथून दुसरी बाजू. उचल, परत पह्यलेथून."

"निघतील ओरखडे?"

"हलका शेत. निंघतीन. मुलामा ऱ्हाता ते मी म्हनतू घर जाय, रडत बस. हाई आरपार स्टील शे. पन आठ दिन लागतीन, आन घाई कई ते नवा ओरखडा पडतीन."

त्यांनी काळ्या पॉलिश कागदाचे दोन ताव दिले, एक बारीक, दुसरा त्याहून बारीक, इतका की बोटाला लागतसुद्धा नाही. आणि हिरव्या मेणाची एक वडी. कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा, तेलाचा थेंब टाकून हलक्या हाताने ओढायचा. आधी एक कागद, मग दुसरा. शेवटी फेल्टच्या तुकड्याला हिरवं मेण लावून. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, ताट उजळलं की आणून दाखव, तेच पैसे.

मी उठले तर परत हाक मारली. "आन देख, जठे अक्षर शेत, आकडा शे, तठे चिकटपट्टी लाव. तठे हात जावाले नको. आकडा गया ते साहेब म्हनी हत्यार चोरीनं शे. मंग ओरखडा ऱ्हायना बाजूले."

हे मला सुचलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर रेवजीला गाडी पळवायला लावली. राखेने घासताना आकड्यावरून किती वेळा हात गेला असेल! घरी येऊन पहिल्यांदा मुठीचा तळ बघितला. आकडा जागेवर आहे, खोल कोरलेला, स्वच्छ. देव आहे.

२३ ऑक्टोबर

आधी ताटावर शिकायचं ठरवलं. पहिले तीन हात सरळ जातात. चौथ्याला मनगट आपोआप वळतं. मी हाताला शिव्या दिल्या.

जातं गोल, ताकाची रवी गोल, सारवण गोल, भाकरी गोल, भांडी गोल. जन्मभर हात गोलच फिरला, आता आठ दिवसांत त्याला सरळ चालायला सांगते आहे.

२५ ऑक्टोबर

मीनाबाई आली आणि तासभर बसली. मी काय करते ते बघत होती. "अक्का, ताट घसाले तासभर? तुम्हनापा भांडा ऱ्हातात ते तुम्ही उपाशी मरतात."

मी फेल्ट लागणार आहे, कुठे मिळेल ते बघायला हवं, असं बोलले. तिने ऐकलं न ऐकलं केलं. मग ताट उचलून म्हणाली, "अठे येक पट्टा साफ व्हयेल शे. पन कडना बाजूले गोलच शे."

खरं होतं. मधला पट्टा साफ, कडेला हात वळलाच.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज जमलं. कसं ते लिहून ठेवते.

माझं लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी मला तिफणीमागे चालवलं होतं. माझ्या ओळी नागमोडी. सासरे हसले. हे म्हणाले, "हाताकडे बघू नको. बांधावरच्या त्या निंबाकडे बघ. पाय जातील बरोबर." आणि ओळ सुतासारखी गेली होती.

आज ताट ओट्यावर ठेवलं आणि हाताकडे बघायचं सोडलं. ताटाच्या पलीकडच्या काठावर नजर ठेवली. हात गेला सरळ. उचलला, परत इकडून. शंभर वेळा मोजलं, एकदाही वळला नाही. गोठ्यातल्या गाईला जाऊन सांगितलं. दुसरं कुणी जवळ नव्हतं.

२७ ऑक्टोबर

मीनाबाई लोटनभाऊंची काळी फेल्टची टोपी देऊन गेली. "उंदीरनी खादेल शे, फेकाले काढेल व्हती. तुम्हना कामनी व्हई ते देखा." मी टोपी आतून बाहेरून बघितली. उंदरांनी कुठे खाल्ली ते सापडलं नाही. मीनाबाई विसरभोळी आहे, दुसरी कुठली टोपी खाल्ली असेल. पण आता कापायला घेतली आहे तर घेतली.

भाऊ बोडक्याने शेतात फिरताना दिसले. उन्हाचं टोपी घालायचं सोडून! दररोज सकाळी आमच्या केळीच्या कडेने चक्कर मारून जातात. घड मोजत असावेत.

२८ ऑक्टोबर

ताट उजळलं. त्यात माझा चेहरा दिसला. पुष्कळ दिवसांनी नीट बघितला. कानाजवळ पांढरे झाले आहेत. ह्यांनी बघितले नाहीत ते केस.

दुपारी पिस्तुलाला हात घातला. उघडून घरं बघितली, रिकामी. अक्षरांवर, आकड्यावर चिकटपट्टी लावली. नजर नळीच्या टोकावर.

मध्येच भाऊ आले. दारातूनच म्हणाले, "आकडा कोठे शे त्याना?"

मी पट्टी काढून मूठ उलटी धरली. भाऊंनी खिशातून पेन काढलं आणि आकडा तळहातावर लिहून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आता वाटतं विचारायला हवं होतं. कचेरीत हरकतीचा अर्ज द्यायचा असेल तर आकडा लागतोच. सख्खे दीर. असो. माझं काम माझ्या हातात आहे, त्यांचं त्यांच्या.

३१ ऑक्टोबर

डावी बाजू झाली. उजवी बरीच झाली. गोल ओरखडे गेले, जणू कधी नव्हतेच. रेवजी बघून म्हणाला, "हाई ते नवं कोरं व्हई गयं, माय."

१ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांची रेघ गेली.

मला कळलंच नाही. काल उजवी बाजू करताना नजर टोकावर होती, हातावर नव्हती. आज सकाळी उन्हात धरलं, अंगठा नेहमीच्या जागी गेला आणि तिथे काही नव्हतं. गुळगुळीत. परत परत फिरवला. कुठल्या हाताला गेली, कितव्या, काही सांगता येत नाही. राखेचे ओरखडे काढता काढता तीही घासून काढली मी.

मीनाबाई दूध घ्यायला आली तेव्हा मी ओट्यावर बसून रडत होते. आधी ती घाबरली, तिला वाटलं कुठे लागलं. मी सांगितलं. तिने काही समजावलं नाही. माझी घागर भरून आणून ठेवली आणि गेली.

एका रेघेचं एवढं लागेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण ती रेघ गेल्यावर वाटतं आहे की नुसतं लोखंड उरलं.

२ नोव्हेंबर, रविवार

हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथे लिहिते.

सकाळी लोटनभाऊ आले. आज चारा नाही, कारण नाही. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले, जिथे ते कधी बसत नाहीत. मी चहा ठेवला. पेला हातात घेतला.

"वहिनी, मीनानी सांगं. रेघ गयी म्हने."

"गेली."

"ती रेघ भाऊनी नव्हती."

ह्यांना ते भाऊच म्हणायचे. मी हातातला फेल्टचा तुकडा खाली ठेवला.

"मन्ही व्हती. दोन साल व्हयनात. भाऊ तयोदाले जायेल व्हता, प्रमिलाकडे. मन्हा सासरना पाव्हना येयेल व्हतात. मी खुटीवरथून काढी लिधं, इचारं नई कोनले. दाखाडाले. मोठेपणा, दुसरं काय. विहिरना थारोयावर हातथून सटकनं. दगडवर घसायनं."

"मग?"

"मंग काय. भाऊ उना, देखं. अंगठा फिराया त्यावर, असा. आन परत खुटीवर टांगी दिधं. माले वाटे आते मारी, आते मारी. दुसऱ्याना हातमा हत्यार गयं, परवाना जाता, भाऊ जेलमा जाता. येक शबद नई बोलना. मरापावत नई बोलना." भाऊंनी चहा खाली ठेवला. "तवयपाईन ते पिस्तूल दिसनं का माले दगडवरला आवाज याद येस. म्हनून म्हनू, सरकारले दी टाका, गावमा या. दुसरं कारन नई. मयावर मन्हा डोया नई, वहिनी."

मला आधी राग आला, खोटं का लिहू. मग त्यांचं बोडकं डोकं दिसलं, उन्हाने रापलेलं, आणि पिस्तुलाशेजारी त्यांच्या टोपीचा काळा तुकडा, हिरवं मेण लागलेला.

"भाऊ, म्हणजे इतके दिवस मी तुमच्या धसमुसळेपणावर अंगठा फिरवत होते?"

भाऊंनी मान वर केली. "मंग काय! निम्मी ते तुम्हीच गुयगुयी करेल व्हती."

मला हसू आलं. ह्यांच्यामागे एवढं कधी आलं नव्हतं. मीनाबाई कुंपणाच्या पलीकडे उभी होती, ती पण तोंडाला पदर लावून हसली. म्हणजे ती ऐकत होती.

भाऊ गेल्यावर मी त्यांचा पेला विसळून ठेवला. "पडली," एवढंच म्हणायचे हे. माझ्यापासूनही लपवलं, भावाची मान खाली जाऊ नये म्हणून. रेघ ह्यांची नव्हती. गप्प राहणं ह्यांचं होतं, आणि ते मला आज पहिल्यांदा मिळालं. ते घासून जाणारं नाही.

दुपारी फेल्टचा शेवटचा हात दिला.

५ नोव्हेंबर

उद्या. पिस्तूल धुतलेल्या फडक्यात. कागद पिशवीत. ठोकळा, कागदाचा उरलेला तुकडा, फेल्टही पिशवीतच राहिले, काढायला सवड झाली नाही. भाऊ म्हणाले मीही येतो. तळहातावरच्या आकड्याचं विचारायचं राहूनच गेलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार. मुक्काम मळा, संध्याकाळ

अकराला बोलावलं होतं, दोनला नंबर लागला.

प्रांतसाहेब चष्म्याचे, तरुण. मी पिस्तूल काढलं, उघडलं, पाचही घरं त्यांच्याकडे करून दाखवली आणि मूठ पुढे धरून टेबलावर ठेवलं. साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग आकडा बघितला, कागदाशी ताडला, आणि पिस्तूल खिडकीकडे धरलं. बराच वेळ धरलं.

"हे पॉलिश कोणत्या दुकानात केलंत?"

"दुकानात नाही, साहेब. मी केलं."

"बाई, ठाण्याच्या पंचनाम्यात 'उजव्या बाजूस लांब ओरखडा' असं लिहिलंय. तो इथे नाही. हे कारागिराचं काम आहे. परवाना नसलेल्याच्या हातात हत्यार दिलं असेल तर तो गुन्हा आहे. खरं सांगितलंत तर बरं."

खरंच तर सांगत होते. भाऊ दारात उभे होते, ते एक पाऊल आत आले. तो ओरखडा कुणाचा हे त्यांच्या ओठांवर आलंय असं मला दिसलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

टेबलावर साहेबांचा पाण्याचा स्टीलचा पेला होता. कचेरीतल्या शिपायाने राखेने घासलेला. साय, गोल ओरखडे, सगळं माझ्या ओळखीचं.

"साहेब, हा पेला घेऊ का?"

"कशाला?"

"दाखवते."

त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. मी पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं, खाली जमिनीवर बसले, पिशवीतून ठोकळा काढला, कागद गुंडाळला. तेल नव्हतं, केसाला लावलेलं बोटाला घेतलं. नजर पेल्याच्या काठावर. उचल, परत पहिल्यापासून. कचेरीत टंकलेखन चालू होतं ते थांबलं. शिपाई वाकून बघायला लागला. मग दुसरा कागद, मग टोपीचा तुकडा. किती वेळ गेला ठाऊक नाही. उठून पेला टेबलावर ठेवला. दोन बोटं रुंदीचा पट्टा साफ होता, त्यात खिडकीचे गज दिसत होते.

साहेबांनी पेला फिरवून बघितला. पिस्तुलाशेजारी धरला. "असा सरळ हात कुठे शिकलात?"

"तिफणीमागे," मी म्हटलं. "आधी राखेने खराब केलं, साहेब, तेही मीच. म्हणून शिकावं लागलं."

ते हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसला. मग फायलीतून एक कागद काढला. "तुमच्या दिरांचं निवेदन आहे." साहेबांनी वाचलं: मी लोटन पाटील लिहून देतो की सदर हत्यार, आणि पुढे आकडा, माझ्या वहिनी अनुसयाबाई यांचे नावे करण्यास माझी हरकत नाही. त्या हत्यार माझ्यापेक्षा नीट ठेवतात.

"माझ्यापेक्षा म्हणजे? तुमच्याकडे हत्यार कधी होतं?" साहेबांनी दाराकडे बघून विचारलं.

भाऊ म्हणाले, "इळा, कोयता, साहेब. समदाना गंज चढेल शे."

साहेबांनी शेरा लिहिला. शिफारस धुळ्याला जाईल, परवाना तिथून येईल. तोवर हंगामी कागदाची मुदत वाढवली.

बसमध्ये मी भाऊंना म्हटलं, "परवाना अजून हातात नाही. तुमच्या बोलीप्रमाणे दिवाळी गावात."

भाऊ खिडकीबाहेर बघत होते. "धुयाथून येई तवय येई. दिवाई मयामाच."

"आणि तळहातावर आकडा लिहून घेतला तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही इचारं का?"

नाही विचारलं, खरं आहे. आमच्या घरात कुणी काही विचारत नाही आणि कुणी काही सांगत नाही.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

भाऊ, मीनाबाई सगळे मळ्यात आले. भाऊंना प्रमिलाकडून मागवलेली नवी फेल्टची टोपी दिली. घालून म्हणाले, "आते हाईले उंदीर नई लागाले पायजे."

मीनाबाईने गोणपाट सोडलं. तिची स्टीलची सगळी भांडी, चार ताटं, सहा पेले, एक डबा. "अक्का, हाई बी उजयी द्या. आन राख मी आजपाईन बंद करी."

हसनचाचांना दाखवायला माझं ताट रेवजीबरोबर पाठवलं होतं. त्यांनी परत पाठवताना निरोप दिला: भांडीवाल्यांचं काम एकट्याला उरकत नाही, पाडव्यानंतर बेटीला येऊन बोलायला सांग. जाईन म्हणते.

पिस्तूल खुंटीवर टांगलं. अंगठा त्या जागी गेला, थोडा वेळ थांबला, मग निघाला.

आता सगळ्यांच्या भाकरी थापायला बसले. इतक्या दिवसांच्या सरळ सवयीने पहिली लांबुडकी झाली. दुसरीला हात आपोआप गोल फिरला.